गीतमाला कोणाची?

नाटक बंद पडले तर त्याची संहिता उरते, मासिक बंद पडले तर त्याचे जुने अंक रद्दीच्या दुकानात का होईना, सापडतात. नभोवाणीवरचा कार्यक्रम बंद पडला म्हणजे मात्र हाती काहीच राहत नाही. ऐकणाऱ्यांच्या आठवणीत एक आवाज राहतो आणि ते ऐकणारे गेले की तोही जातो. म्हणूनच नभोवाणीच्या इतिहासात केंद्रांच्या उद्घाटनांच्या, प्रक्षेपकांच्या क्षमतेच्या आणि मंत्र्यांच्या आदेशांच्या नोंदी पुष्कळ मिळतात. एखाद्या निवेदकाचा कार्यक्रम कसा सुरू झाला, त्यावर हक्क कोणाचा होता आणि तो त्याच्या हातून कसा गेला, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. अमीन सयानी यांच्या 'गीतमाले'चे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. १९५२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम १९९४ मध्ये थांबला. मध्ये बेचाळीस वर्षे गेली, आणि एवढ्या काळात निवेदक एकच होता.

या कथेची सुरुवात सयानींपासून होत नाही. ती एका मराठी माणसापासून होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे जन्माने पुण्याचे, शिक्षणाने काशी विद्यापीठाचे आणि पुढे पॅरिसचे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्र सरकारात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. एवढा दीर्घ काळ हे खाते फार थोड्यांच्या वाट्याला आले. केसकरांचे नाव निघाले की 'चित्रपटगीतांवर बंदी घालणारा मंत्री' एवढेच वाक्य लोकांच्या तोंडी येते. त्यात थोडे सत्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. केसकरांनी चित्रपटगीतांचा वेळ बराच कमी केला. त्याचबरोबर, गाण्याची घोषणा करताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्या चित्रपटाची फुकट जाहिरात होय, असे ठरवून ते नाव घेणे बंद केले. निर्मात्यांनी याला उत्तर म्हणून गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या हट्टापायी काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. बंदीचा हुकूम असा एका ओळीत निघालेला नव्हता. पण घरात रेडिओसमोर बसलेल्या माणसाला या बारकाव्याशी काय कर्तव्य? त्याला एवढेच कळत होते, की काल लागणारे गाणे आज लागत नाही.

येथे केसकरांची थोडी बाजू घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे त्यांच्यावर न केलेल्या गोष्टींचाही दोष लादला जातो. पेटीवरील, म्हणजे हार्मोनियमवरील बंदी त्यांनी घातली असे आजही मैफलींच्या मध्यंतरात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ती बंदी १९४० ची, ब्रिटिश अमदानीतली. केसकर मंत्री झाले तेव्हा ती बारा वर्षांची झालेली होती आणि त्यांच्यानंतरही १९७१ पर्यंत ती पुरती उठली नाही. उलट शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले, ते त्यांच्याच काळात. संस्थानांचा आश्रय नुकताच तुटलेला होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील गवई-वादकांच्या पिढीला त्या वेळी नभोवाणीने जे मानधन आणि जी प्रतिष्ठा दिली, तिचे मोल आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. केसकरांची चूक झाली ती दुसरीकडे. श्रोत्यांची आवड शिस्तीने घडवता येते, असे त्यांनी धरून चालले. श्रोत्याच्या हातात रेडिओचा काटा असतो ही गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नसावी.

तो काटा फिरला आणि कोलंबोवर जाऊन थांबला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया कमानीसाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. सैनिकांची करमणूक आणि प्रचार ही त्याची कामे. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला आणि १९५० मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. मुळात तो लांब पल्ल्यासाठी उभारलेला असल्यामुळे भारताच्या मोठ्या भागात तो सहज पोहोचत असे. २५ आणि ४१ मीटर हे आकडे त्या काळच्या घराघरात मुलांनाही पाठ झाले होते. आकाशवाणीवर जाहिरातींना मज्जाव होता, कोलंबोला जाहिरातीच हव्या होत्या. मुंबईत कार्यक्रम तयार करायचे, त्यांच्या ध्वनिफिती विमानाने कोलंबोला पाठवायच्या आणि तेथून ते भारतभर ऐकवायचे, असा व्यवसाय त्यातून उभा राहिला. भारतीय माल, भारतीय गाणी, भारतीय श्रोते आणि प्रक्षेपक तेवढा समुद्रापलीकडचा. असा प्रकार आपल्या देशात त्याआधी झाला नव्हता.

या व्यवसायात अमीन सयानी शिरले ते अगदी मागच्या दाराने. त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईचा. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजी कार्यक्रमांचे निवेदक होते आणि त्यांचेच बोट धरून हा मुलगा लहानपणी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात गेला. ग्वाल्हेरकरांना अभिमानाने सांगता येईल अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही भाग किल्ल्यावरच्या सिंदिया स्कूलमध्ये झाला. तेथून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले. इंग्रजीत तयार झालेल्या या तरुणाने हिंदी निवेदनासाठी आकाशवाणीत चाचणी दिली तेव्हा, ते स्वतः सांगत असत त्याप्रमाणे, उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छटा फार आहे म्हणून त्यांना नाकारण्यात आले. पुढे चार दशके ज्यांचे हिंदुस्तानी ऐकून लोकांनी आपले उच्चार सुधारले, त्यांचा हा प्रारंभ.

त्यांच्या भाषेविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत असत. एकच साधी हिंदुस्तानी भाषा, पण ती देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापलेली. नवसाक्षर माणसाला वाचता यावे हा हेतू. या पाक्षिकाच्या कामात घरच्या मुलाने हातभार लावला आणि सोपे कसे बोलावे हे तो तेथे शिकला. त्या काळी सरकारी हिंदी दिवसेंदिवस संस्कृतच्या अंगाने जड होत चालली होती, तर दुसरीकडे मुशायऱ्यांची उर्दू सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाई. सयानींनी मधली वाट धरली. 'बहनो और भाइयो' या त्यांच्या संबोधनात भगिनींना अग्रमान होता, हेही त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्यासारखे. आम्हा मराठी श्रोत्यांना त्यांचे हिंदी परके वाटले नाही याचे कारण हेच असावे. संस्थानी गावांतून राहणाऱ्या मराठी माणसाला तशीही बाजाराची भाषा म्हणून हिंदुस्तानीच सवयीची होती.

'ओव्हल्टीन फुलवारी' या कार्यक्रमात जाहिरातीचा मजकूर वाचणारा एकदा आला नाही. ध्वनिमुद्रण पाहायला बसलेल्या सयानींना तो वाचायला सांगण्यात आले आणि त्यांची वर्णी लागली. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक डबा मिळे. नंतर सिबा या स्विस कंपनीला आपल्या बिनाका टूथपेस्टसाठी हिंदी गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. कार्यक्रमाची संहिता लिहिणे, तो सादर करणे आणि आलेली पत्रे तपासणे या सगळ्यासाठी आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार होते. अनुभवी मंडळींनी एवढ्याशा पैशासाठी नकार दिला, म्हणून ते काम या विशीतल्या मुलाकडे आले. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' प्रथम प्रक्षेपित झाली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, सात गाणी. श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा आणि शंभर रुपयांचे बक्षीस जिंकायचे. चाळीस-पन्नास पत्रे येतील अशी अपेक्षा होती, पहिल्याच वेळी आली नऊ हजार. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. पत्रे तपासणारा माणूस एकटा सयानी! अखेर स्पर्धाच बंद करावी लागली आणि कार्यक्रम एक तासाचा होऊन त्यात आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. 'पायदान' हा शब्द घरोघरी गेला तो त्यानंतर.

क्रमवारी कशी लावत, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यात या कार्यक्रमाची विश्वासार्हता होती. प्रारंभी मोठ्या शहरांतील रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांतून विक्रीचे आकडे मागवले जात. पण एखादे गाणे गाजत असतानाच त्याच्या रेकॉर्डी संपत, आणि मग ते यादीत खाली घसरे. शिवाय आकड्यांवर विसंबावे तर आकडे फुगवण्याचा मोह सुटतोच. म्हणून गावोगावच्या श्रोतासंघांची मतेही विचारात घेतली जाऊ लागली. छोट्या गावांतून असे संघ निघाले, त्यांना अध्यक्ष, चिटणीस झाले, त्यांचे शिक्के तयार झाले. झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते रेडिओवरच्या फर्माइशींमुळेच. पहिल्या पूर्ण वर्षाच्या, म्हणजे १९५३ च्या वार्षिक यादीत सर्वांत वरचे स्थान 'अनारकली' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याला मिळाले. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. ज्या संगीताला एका मराठी मंत्र्याने दिल्लीत दार बंद केले, त्याच संगीताला कोलंबोच्या दारातून पहिल्याच वर्षी मिळालेला मान दोन मराठी कलावंतांच्या नावावर पडला, ही गंमत इतिहासाने करून ठेवली आहे.

सरकार पाच वर्षांनी शहाणे झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी पंडित नरेंद्र शर्मा यांच्या कल्पकतेतून 'विविध भारती' सुरू झाली. केसकर तेव्हाही मंत्री होते, हे त्यांच्या खात्यावर जमेला धरले पाहिजे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर प्रयोग म्हणून जाहिराती सुरू झाल्या, आणि मग प्रायोजित कार्यक्रमही आले. सयानींनी 'सॅरिडॉन के साथी', 'एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा' असे अनेक कार्यक्रम केले. हमीद सयानींनी १९७२ पासून रेडिओवर चालवलेली बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा, १९७५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर, अमीन सयानींनी पुढे नेली.

आता ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. ओव्हल्टीन, बिनाका, सॅरिडॉन, एस. कुमार्स, बोर्नव्हिटा. निवेदकाचे नाव एकाही कार्यक्रमाच्या नावात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. आकाशवाणीचा निवेदक हा सरकारी नोकर किंवा कंत्राटी कलावंत असे. त्याचा कार्यक्रम काढून घेतला जाई तो बदलीच्या किंवा वेळापत्रकाच्या कागदाने, आणि त्याला निदान दाद मागायला एक कचेरी असे. प्रायोजित कार्यक्रमाच्या निवेदकाला स्वातंत्र्य पुष्कळ मिळाले. सयानींना आपली भाषा, आपला मजकूर, आपली विनोदाची पद्धत कोणाला विचारून ठरवावी लागली नाही, आणि आकाशवाणीत राहून हे साधले नसते हे उघड आहे. पण त्या स्वातंत्र्याची जागा भाड्याची होती. कार्यक्रमाचे नाव कंपनीचे, वेळ कंपनीने विकत घेतलेली, प्रक्षेपण परक्या देशाचे. कंपनीने टूथपेस्टचे नाव बिनाकाचे सिबाका केले तेव्हा कार्यक्रमाचेही नाव निमूटपणे बदलले. श्रोते मात्र शेवटपर्यंत 'बिनाका'च म्हणत राहिले. व्यापारी चिन्हाशी अशी निष्ठा दुकानदाराच्याही वाट्याला येत नाही, ती आली निवेदकामुळे, आणि तिचा दस्तऐवजी हक्क राहिला कंपनीकडे.

१९८९ मध्ये गीतमाला कोलंबोहून विविध भारतीवर आली. ज्या घराने एकेकाळी सयानींच्या उच्चारांत दोष काढला, त्याच घरात साडेतीन दशकांहून अधिक काळाने त्यांचे सन्मानाने आगमन झाले. पण घर आता ओसरू लागले होते. १९८२ पासून दूरदर्शन रंगीत झाले होते, 'चित्रहार' पाहणारे डोळे कान विसरू लागले होते आणि स्वस्त कॅसेटी आल्यावर तर हवे ते गाणे हवे तेव्हा लावण्याची सोय प्रत्येक पानपट्टीवर झाली होती. आठवडाभर वाट पाहणे ही गीतमालेची खरी शक्ती. वाट पाहण्याची गरज संपली तेव्हाच तिचा पाया खचला, असे म्हणावे लागते. १५ ऑगस्ट १९९३ पासून आकाशवाणीने एफएमवरची वेळ खासगी कंपन्यांना देण्यास सुरुवात केली आणि नव्या, धावत्या, अर्ध्या इंग्रजी बोलण्याची चाल रूढ झाली. १९९४ मध्ये हिंदुस्थान सिबा-गायगीने आपला टूथपेस्टचा व्यवसाय कोलगेट-पामोलिव्हला विकला. गीतमालाही १९९४ मध्येच थांबली. एका गोष्टीमुळेच दुसरी झाली असे ठामपणे मांडणे धाडसाचे होईल, कारण श्रोते आधीच पांगू लागले होते. तरीही ज्या मालाच्या नावाने कार्यक्रम उभा होता तो मालच दुसऱ्याच्या दुकानात गेल्यावर कार्यक्रमाचा वाली कोण, हा प्रश्न उरतोच. सयानी त्या वेळी एकसष्ट वर्षांचे होते. आवाजात थकवा नव्हता.

पुढे २००० ते २००३ या काळात तो कार्यक्रम विविध भारतीवर पुन्हा आला, आणि त्याच्या नावात आता कोलगेट व सिबाका दोन्ही होते. निवेदक तेच होते. ही पुनरावृत्ती फार टिकली नाही. तिच्याविषयी फारसे कोणी बोलतही नाही, आणि न बोलणेच बरे. ऑक्टोबर २००१ मध्ये रेडिओ मिर्चीचे पहिले केंद्र आपल्या इंदूरला सुरू झाले होते. नव्या केंद्रांवर निवेदकाला स्वतःचे नाव मिळाले, ते फलकांवर झळकले. मात्र त्याच्या तोंडी वाक्य किती सेकंदांचे असावे आणि त्याने कोणती गाणी लावावीत, हे बहुधा संगणकातली यादी ठरवू लागली. सयानींच्या पिढीला नाव नव्हते पण वाक्य होते. यातले कोणते बरे, यावर मंडळाच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलणारे निघतील.

एका बाबतीत मात्र दुमत होण्याचे कारण नाही. त्या काळी ध्वनिफीत महाग होती आणि एकदा प्रक्षेपण झाले की तीच पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभरच्या केंद्रांवर होती. वर्षाला बावन्न याप्रमाणे चार दशकांत दोन हजारांच्या वर बुधवार-सोमवारचे कार्यक्रम झाले. गाणी सगळी उपलब्ध आहेत, वार्षिक याद्याही हौशी संग्राहकांनी वह्यांतून जपल्या आणि त्या छापूनही निघाल्या. गाण्यांच्या मधला, निवेदकाचा मजकूर तेवढा तुटक उरला. म्हणजे ज्या भागासाठी लोक रेडिओला कान लावून बसत, तोच सर्वांत कमी जपला गेला. ध्वनिमुद्रिका कंपनीला गाण्याची किंमत ठाऊक होती, टूथपेस्टच्या कंपनीला जाहिरातीची. मधल्या बोलण्याची किंमत लावणारा त्या व्यवहारात कोणी पक्षकारच नव्हता. पुढे सयानींच्या निवेदनासह जुनी गाणी 'गीतमाला की छाँव में' या नावाने बाजारात आली, तेव्हा कार्यक्रमाच्या नावात प्रथमच कोणत्याही मालाचे नाव नव्हते.

भारत सरकारने २००९ मध्ये सयानींना पद्मश्री दिली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या गावच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे 'आपकी पसंद'सारखे कार्यक्रम सांभाळणारे, आणि नवे वेळापत्रक आले की एका सोमवारपासून ऐकू न येणारे निवेदक आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकी काहींनी आपल्या संहिता अजून घरी गठ्ठ्यांत बांधून ठेवल्या आहेत. त्या कागदांची शाई फिकी पडण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयाने त्या मागून घ्याव्यात, कपाटाची एक फळी त्यासाठी सहज रिकामी करता येईल.